शिस्तीची पाच मिनिटं

लहान मुलांच्या डॉक्टरकडे फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायली निदान कपाटात मावतात, किस्से कुठे ठेवायचे? चार माणसं जमली, चहा आला, की एकेक बाहेर पडतोच!

नागपुरात माझा छोटासा दवाखाना आहे. लसीला किंवा वजन-उंचीला मूल आलं, की शेवटची पाच मिनिटं मी आईबापांना शिस्तीबद्दल सांगते. मारू नका, घाबरवू नका, बाकी सगळं जमतं. एवढ्याएवढ्या गालांवर उमटलेली बोटं मी पाहिली आहेत आणि ती दिसली की माझं डोकं फिरतं. म्हणून ही पाच मिनिटं मी कुणालाच माफ करत नाही. लोकही मान डोलावून ऐकतात. मग घरी जाऊन काय करतात, ते ऐका.

* * *

अडीच वर्षांचा एक पोरगा हाताला येईल ते फेकायचा. मी म्हटलं, "फेकलं की दोन मिनिटं कोपऱ्यात बसवा. खेळणं नाही, गप्पा नाहीत."

पुढच्या खेपेला आजोबा एकदम खूश. "मस्त इलाज सांगितला मॅडम! पोरगा कोपरा सोडूनच नाही राहिला!"

"म्हणजे?"

"एकटा कसा बसन जी तो? मी बसतो, त्याची आजी बसते. मे महिना, म्हणून कूलर तिकडंच वळवला. मोसंबीचा रसबी तिथंच देतो. आता तं तो तिथं जायसाठीच फेकते!"

* * *

"मूल चांगलं वागलं की लगेच कौतुक करा," हे एका आईनं फारच मनावर घेतलं. पोरगी पॉटीवर यशस्वी झाली की घरभर टाळ्या! हळूहळू शेजारच्या काकूही टाळ्या वाजवायला यायला लागल्या.

एक दिवस तिचा घाबराघुबरा फोन. "मॅडम, दोन दिवस झाले, हिले शी नाही!"

मी खाणंपिणं विचारलं. सगळं ठीक होतं. मग ती हळूच म्हणाली, "काकू रामटेकले गेल्या आहेत ना. तीन जणांच्या टाळ्यांत तिचं होतच नाही."

यावर मी कुठलं औषध लिहून देणार? म्हटलं, काकूंना व्हिडिओ कॉल लावा!

* * *

एका घरी मी बजावलं, "नियम सगळ्यांचा एकच हवा. आई नाही म्हणाली तर आजीनंही नाहीच म्हणायचं."

महिन्याभरानं सून आली. "मॅडम, घरातल्या सातही जणांची मीटिंग घेतली. पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं."

"वा! कशावर?"

"तुमचं चुकते म्हणून!"

* * *

आणखी एक तरुण बाप. मी सांगत होते, "जेवताना मोबाईल अजिबात नको," आणि हा मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून उभा.

"बोला मॅडम, बोला. रेकॉर्ड करून राहिलो."

मला भरूनच आलं. इतकं मन लावून ऐकणारा बाप!

तीन महिन्यांनी तो पोराला घेऊन आला. मला पाहताच पोरानं मोठ्ठा आ केला. मी आरामात घसा तपासला आणि म्हटलं, "किती शहाणा हो!"

बाप अभिमानानं म्हणाला, "जेवताना तुमचाच व्हिडिओ लावतो जी. कार्टूनपेक्षा अर्धी पोळी जास्त खाते!"

* * *

आणि ही साडेतीन वर्षांची मुलगी. फक्त वजन-उंचीसाठी आली होती, सुई नव्हतीच. वडील नोकरदार, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. आई फाईल धरून गप्प बसलेली.

माझी पाच मिनिटं सुरू व्हायच्या आधीच वडील म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी मारझोड बिलकुल नाही. हिनं ऐकलं नाही तं मी फक्त तुमचं नाव घेतो. सांगून ठेवलं आहे, जो खराब वागते त्याच्यासाठी डॉक्टर मॅडमले बलावाचं. त्या येतात अन् सुई टोचतात! बस, एकदम चूप!"

मी भडकलेच. "माझ्या नावानं पोरांना भीती घालायची नाही, सांगून ठेवते!"

मग खुर्ची ओढून वजनकाट्यावर उभ्या असलेल्या मुलीसमोर बसले. "हे बघ बेटा, मी सुई घेऊन कुणाच्या घरी येत नाही. कुणाला शिक्षा करत नाही. कध्धीच नाही."

वडील कासावीस झाले. "असं नका सांगू जी तिले! आमच्यापाशी दुसरं काहीच नाही!"

मला हसू आलं. सिस्टरही हसली.

मुलगी हसली नाही. वजनकाट्यावरून उतरली, माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबानं आईले मारलं, तवा मी तुले बलावलं होतं. तू काहून नाही आली?"