म्हाताऱ्या मशीनची जोड

कुठलीही वस्तू नजरेस पडली की आबा आधी तिच्याखाली हात घालायचे. भोपळा असो, गॅसची टाकी असो, नाहीतर कुणाचं तान्हं पोर असो. जरासं उचलून बघायचे, डोळे बारीक करायचे आणि मगच तोंड उघडायचे. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा रिक्षातून आणलेला कॉम्प्युटरचा डबा त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः उचलून टेबलावर ठेवला, त्याच्या बगलेवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, गडी म्हातारा हाय. पर हाड पक्कं हाय. जोड बघून लावा."

मी कसला मास्तर! कधीकाळी विट्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. क्लास बंद पडून दुरुस्तीचं दुकान झालं, मास्तर तेवढा राहिला.

आबांचं नाव सांगत नाही, पण आमच्या बाजूच्या मंडळींना आवाज सांगितला तरी पुरे. यात्रेच्या कुस्त्यांच्या मैदानात माईक धरून पुकारा करणारे आबा. पिवळा फेटा, पांढरी विजार आणि असा आवाज की मैदानाबाहेर भेळ खाणाऱ्यालाही आत कुणी कुणाचा पट काढला ते कळावं. पुकाऱ्याआधीचं त्यांचं खरं काम म्हणजे जोड लावणं. दोन पोरांचे दंड चाचपून बघायचे आणि तोलाचे वाटले तरच समोरासमोर उभे करायचे. यात्रा कमिटीतला कुणी आपल्या पोराला सोपा गडी द्या म्हणून कानाशी लागला, तर आबा ते माईकवरच सांगायचे. त्यामुळे त्यांच्या कानाशी फारसं कुणी लागत नसे.

तर असा माणूस डबा घेऊन माझ्यापुढे बसला होता, आणि आवाज बसलेला होता. मला वाटलं यात्रेचा हंगाम आहे, घसा धरला असेल.

"घसा न्हाई धरला," ते म्हणाले. "आत गाठ हाय. मिरजंच्या डाक्टरांनी सांगितलंय, पेटीच काढाया लागंल. बोलायची पेटी. मग संपलं."

हे त्यांनी पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मी उगीच डब्याचे स्क्रू काढायला घेतले.

मग त्यांनी पिशवीतून सीड्या काढल्या. कुठल्या कुठल्या यात्रेत फोटोग्राफरांनी केलेलं शूटिंग. त्यांना ते घरच्या कॉम्प्युटरवर नीट चालायला हवं होतं, आणि ऑपरेशनला जाण्याआधी हवं होतं. घरी लावलं की चित्र अडकायचं, आवाज तुटायचा, मध्येच सगळं उडी मारून पुढे जायचं.

"आबा, मोबाईलमध्ये टाकून देतो की," मी म्हणालो.

"तिची बोटं मोबाईलला लागत न्हाईत."

हे तुम्हीही पाहिलं असेल. जन्मभर खुरप्याने, राखेने, जात्याने बोटं अशी घासून गेलेली असतात की काचेला ती माणसाची वाटतच नाहीत. आबांच्या बायकोचं, आमच्या काकींचं, तसं झालं होतं. त्यांचा मुलगा लांब दक्षिणेत सोनं गाळायचं, गलाईचं दुकान चालवतो. त्याने नवा लॅपटॉप पाठवतो म्हणून दहादा सांगितलं होतं. पण काकींना याच डब्याचं गोल बटण माहीत होतं. दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लागायचं.

"सगळ्या मुलखानं ऐकला माझा आवाज," आबा म्हणाले. "तिनं कवाच न्हाई ऐकला, गड्या. बायामाणसं मैदानाला कुठं येत्यात? आन् घरात मी बोलतोय किती! म्हनलं, जायच्या आधी घरात ठिवून जावा."

मी नवं मशीन घ्या म्हणणार होतो. दुकानदाराच्या जिभेवर ते वाक्य कायमचं बसलेलं असतं. ते मी गिळलं आणि म्हणालो, "मशीन हेच ठेवू. याला पेलेल असा प्लेअर शोधायला पाहिजे."

"पेलर म्हंजे?"

"म्हणजे खेळाडू," मी थट्टेने म्हणालो. "व्हिडिओ खेळवणारा."

आबांचे डोळे एकदम चमकले. "मंग असं बोला की! पैलवानच म्हना."

झालं. त्या दिवसापासून माझ्या दुकानात प्लेअर या शब्दाला थारा राहिला नाही. मी एकेक पैलवान मशीनमध्ये उतरवायचा आणि आबांनी स्टुलावर बसून जोड बघायची. तीन-चार दुपारी हे चाललं. थंडीचे दिवस होते, रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, आणि दुकानात कधीकाळच्या यात्रांची हलगी वाजत होती. पडद्यावरची लाल माती इतकी पुसट झालेली की माणसं धुक्यातून चालल्यासारखी दिसत. मी मधूनच हातातलं काम विसरायचो. आपण विट्याच्या दुकानात आहोत, की लहानपणी कुणाच्या तरी खांद्यावर बसून मैदान बघतोय, हे थोडा वेळ कळायचं नाही. शेजारचा मेडिकलवाला गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभा राहायचा.

पहिला पैलवान नावाजलेला होता. उघडताना आधी स्वतःचं चित्र दाखवायचा, मग खाली रंगीत पट्ट्या नाचवायचा. त्याला उतरवला आणि डब्यातला पंखा जिवाच्या आकांताने फिरू लागला. पडद्यावरच्या पोराने पट काढायला हात घातला आणि तो तसाच वाकून राहिला. आवाज मात्र पुढे निघून गेला होता. कुस्ती सुटली, टाळ्या पडल्या, तरी आमचं पोर अजून वाकलेलंच.

"जड हाय," आबांनी निकाल दिला. "ह्याचं ह्यालाच वझं झालंय. उतरवा खाली."

दुसऱ्याला मी खूप शिकवून पाहिलं. त्याच्या रंगीत पट्ट्या बंद केल्या, चित्र लहान केलं. तो चालायचा, पण मशीनला दम लागला की मधला तुकडा गाळून पुढे उडी मारायचा. आबांच्या ते लगेच लक्षात आलं. "मी हितं दम खातोय, आन् ह्यो मधलंच खातोय. लबाड हाय." तिसऱ्याने चित्र नीट दाखवलं, पण आवाज पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखा. त्याला आबांनी नुसता हात हलवून घालवला. माझं तोंड पडलेलं बघून मलाच धीर दिला, "सापडतो वो. तोलाचा गडी मैदानात असतोयच. कडंला गप बसलेला असतोय, म्हनून दिसत न्हाई."

ज्या दुपारी तो सापडला त्या दुपारी आबांचा आवाज फारच खाली गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना मिरजेला जायचं होतं. मी एक जुना, साधा प्लेअर कुठल्याशा डिस्कवरून शोधून काढला. करडी चौकट, चार बटणं, बाकी काही नाही. पटकन उघडला. पंख्याचा आवाजही वाढला नाही. आबांनी स्टूल पुढे ओढलं.

त्यांच्या स्वतःच्या गावच्या यात्रेचं शूटिंग होतं. फेटा बांधलेले आबा माईक घेऊन आले आणि दुकान भरून आवाज झाला. "बघा मंडळी, बघा! घिस्सा मारलाय, पर गडी काय हालत न्हाई... आता कंबर धरली... आता बघा..." चित्र आणि आवाज हातात हात घालून चालले होते. कुस्ती निकाली झाली, हलगी घुमली, मग थांबली. पुढची जोड यायला वेळ होता. पडद्यावर नुसती पाठमोरी माणसं, फेटे, धूळ. आणि त्या धुळीतून आबांचाच आवाज, पण अगदी निराळा, खालच्या पट्टीतला, घरचा:

"आवं पाटील, घराकडं कोण निघालं असंल तर सांगा तिला. भाकरी टाक म्हणावं. आलोच."

लगेच हलगी-घुमकं वाजलं आणि पुढची कुस्ती सुरू झाली.

मी आबांकडे पाहिलं. ते लग्नातल्या नवऱ्यासारखे लाजले होते. "माईक चालू ऱ्हायला वाटतं," ते कसेबसे म्हणाले. "म्हंजे अख्ख्या मैदानानं ऐकलं असंल की रं! एका बी भाड्यानं सांगितलं न्हाई मला."

मी इतका हसलो की मेडिकलवाला आत आला. मग आबाही हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबल्यावर हळूच म्हणाले, "मागं घ्या जरा." मी मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. दुसऱ्या पैलवानाने उडी मारून जे गाळलं होतं ते नेमकं हेच होतं. आबांनी डब्यावर तळवा ठेवला. "हीच जोड. ह्यानं काय बी गाळलं न्हाई."

ऑपरेशन झालं. वाचले. गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन घरी आले. मी भेटायला जायचं टाळत होतो, खरं सांगायचं तर भीती वाटत होती. पण उंदराने स्पीकरची वायर कुरतडली म्हणून काकींचा निरोप आला आणि जावंच लागलं.

संध्याकाळ होती. ओसरीच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर डबा. मी वायर जोडून दिली. आबांनी माझी पाठ थोपटली, मला बसायची खूण केली आणि स्वतः खुर्चीत जाऊन गोल बटण दाबलं. करडी चौकट उघडली. मला वाटलं, एखादी जंगी कुस्ती ऐकवणार. त्यांनी माऊसने बरोबर हवी ती जागा धरली. हलगी थांबली, लोकांचा गलका आला आणि मग घरात आवाज झाला, "सांगा तिला. भाकरी टाक म्हणावं. आलोच."

आतून काकी ओरडल्या, "ऐकलं, ऐकलं! येवढ्या मैदानाला कशाला सांगताय? टाकतीया की! मास्तरास्नी बी बसवून घ्या."

आबा हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

रोज असंच चालायचं, हे मला नंतर कळलं. भूक लागली की आबा मशीन लावायचे. सकाळी पाहुणे असले तरी, आणि कालवण आधीच तयार असलं तरी. कुस्त्या काकींनी फारशा ऐकल्या नाहीत. एकदा ऐकल्या आणि म्हणाल्या, "बया, केवढं वराडताय!" मी तेवढंच वाक्य कापून वेगळं करून देतो म्हणालो, एका बटणावर आलं असतं. आबांनी जोरजोरात मान हलवली. आधीची हलगी, गलका, धूळ सगळं त्यांना हवं होतं. त्या गर्दीतून घराकडे यायचं होतं त्यांना, असं मला वाटतं.

दोन उन्हाळे त्यांनी तशी जेवणं मागितली. मग गाठ पुन्हा आली आणि आबा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा परत निघाला, आईला घेऊन जातो म्हणाला, पण काकी काही हलल्या नाहीत. जाताना त्याने मला फोन केला, मशीन एकदा बघून या, आईला सोबत होईल. मी गेलो. डबा कोरड्या कपड्याने पुसलेला होता, वर धुतलेलं फडकं घातलेलं. काकी चुलीजवळ बसल्या होत्या. मी फडकं काढलं, वायरी तपासल्या. सगळं ठीक होतं. बटणाकडे हात नेला.

"नगं लावू, बाळा," काकी म्हणाल्या.

मी थांबलो. म्हटलं, "बंद नाही ना पडलं?"

"बंद कशानं पडतंय. चांगलं हाय." त्यांनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "परवा लावलं व्हतं. आलोच म्हणाले, आन् मी उठून दोघांच्या भाकरी टाकून बसले."