बाबांनी पारखलेल्या दोन शाळा

माझे वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या कागदांतले दोष शोधायचं काम करायचे. त्यामुळे नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला माझी चौथी संपत आली, तेव्हा पाचवीची शाळाही आपणच नीट पारखू शकतो याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. जवळपास महापालिकेच्या दोन शाळा होत्या. एक दिवस रजा टाकून त्यांनी मला सायकलवर बसवलं.

पहिल्या शाळेत शिरलो तर कुठून हूं की चूं नाही. पाचवीचा अख्खा वर्ग हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसलेला. वर्गात गुरुजी नव्हते, तरी शांतता. बाबा भारावून गेले. "याला म्हणतात शिस्त," ते मला कुजबुजत म्हणाले.

दुसऱ्या शाळेत पाचवीचा वर्ग मैदानावर होता. एक बाई मुलांकडून दोरीनं मैदान मोजून घेत होत्या आणि मुलं आकड्यांवरून भांडत होती. एका मुलीनं येऊन दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "धर ना. लय ओढू नको." मी धरलं. बाबांनी मला लगेच बाजूला ओढलं. "शाळा आहे की भाजीबाजार?"

घरी आल्यावर आई म्हणाली, "अहो, तिला कुठली आवडली ते विचारलंत का?"

"तिला काय कळतं?" बाबा म्हणाले. निकाल लागला होता.

जूनमध्ये मला त्या शांततेचं कारण कळलं. आमच्या गुरुजींकडे दोन वर्ग होते, शिवाय मतदारयाद्यांचं काम. सकाळी ते आम्हाला तोंडावर बोट ठेवायला सांगून जात, ते बरेचदा मधल्या सुट्टीनंतरच परत येत. मला त्यांनी मॉनिटर केलं. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, एवढंच काम. माझं अक्षर सुधारलं. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी वर्ग सांभाळते."

सहामाहीत गणितात पन्नासपैकी अकरा मिळाले. बाबांनी पेपर उजेडात धरून उलटसुलट पाहिला, पण दोष छपाईत नव्हता. दुसऱ्या दिवशी ते तावातावानं शाळेत गेले. मुख्याध्यापक नम्रपणे म्हणाले, "साहेब, मुलीबद्दल आमची एकही तक्रार नाही. तोंडातून शब्द काढत नाही."

दिवाळीनंतर बाबा मला घेऊन दुसऱ्या शाळेत गेले. मैदानावरच्या त्याच बाई भेटल्या.

"काय काय येतं हिला?" बाईंनी विचारलं.

बाबा जरा घुटमळले. "शांत आहे फार."

"जाईल ते हळूहळू," बाई म्हणाल्या आणि नाव लिहून घेतलं.

ते जायला फेब्रुवारी उजाडला. तोपर्यंत मी उत्तर येत असलं तरी गप्प बसायची; सवयीनं बोट ओठांवर जायचं आणि मुलं हसायची. एकदा बाईंनी फळ्यावर भागाकार चुकवला. मुद्दाम की खरोखर, मला अजून माहीत नाही. बाकीची मुलं तो तसाच वहीत उतरवत होती. मी उभी राहिले आणि माझ्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "बाई, चुकलं!"

"कुठे? ये, दाखव," बाई म्हणाल्या.

मी फळ्यापाशी गेले. खडू हातात घेतला. बाकी सोळा नाही, सहा उरते, हे मी वर्गाला समजावलं. मागच्या बाकावरून दोघांनी लगेच हरकत घेतली आणि मधली सुट्टी होईपर्यंत आमचं भांडण चाललं.