खडीवरची आई

दारासमोर आज खडी ओतली आणि त्या धुळीच्या वासानं मी थेट बहात्तरच्या दुष्काळात पोचले. तेव्हा मी नगरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते. अंतर्मुख व्यक्तिमत्त्वाचं प्रकरण वाचताना वाटलं, ही तर माझी अबोल आई.

सुट्टीत पारनेरला गेले. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. बायकांच्या घोळक्यात तिचाच आवाज मोठा. नकला करून सगळ्यांना हसवत होती.

"आई, घरी का गं अशी बोलत न्हाईस?"

"घरी मामंजी असत्यात. हितं कोन हाय?" डोक्यावरून घसरलेला पदर तिनं तसाच राहू दिला.

ते पुस्तक लिहिणाऱ्याला सासुरवास ठाऊक नसावा.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, कामं बंद झाली. सगळं गाव सुखावलं. आई पुन्हा अंतर्मुख झाली.