निळ्या गाडीचा बंपर

पम्या वानखडे माया मागं लागून राहिला का, काका, लिहून काढा. मी म्हणलं, तूच काढ ना लेका, तुले काय काम हाय? तर म्हणे, तुमचीच जबान पाह्यजे. आता मले धड दिसत नाही, बसलो का गुडघा उठू देत नाही, अन् सातवीत मी शाळा सोडली तवा गुरुजीलेबी बरंच वाटलं होतं. पण हा पम्या इन्शुरन्सचा एजंट. जित्या माणसाची पाठ सोडत नाही, अन् मेल्यावर वारसाची धरते. म्हणून लिहून राहिलो. शुद्धलेखन त्यानं पाहावं.

अमरावतीहून बडनेऱ्याले जाताना पुलाच्या अलीकडं मायं गॅरेज हाय. टोटल लॉसच्या गाड्या घेतो. म्हणजे असं का, अॅक्सिडेंट झालेल्या गाडीचा दुरुस्ती खर्च तिच्या किमतीच्या आसपास गेला, तर विमा कंपनी म्हणते, गाडी मेली. मालकाले पैसे देते अन् सांगाडा विकून टाकते. तो सांगाडा मी घेतो. आरसी रद्द झालेली घेत नाही, चेसिस वाकलेली घेत नाही. बाकीच्या उभ्या करतो. मी ठोकून सरळ करतो, रंग सलीमभाई मारते, नवा विमा पम्या काढते. अशा धंद्यात किस्से भंगारासारखे जमतात. कोणी घेत नाही अन् आपल्याले फेकवत नाही.

मायी एक सवय आधीच सांगून टाकतो. गाडीचं जे मोडलं त्यातला एक तुकडा मी जपून ठेवतो, अन् गाडी विकाले काढली का तिच्या शेजारी तारेनं टांगतो. गिऱ्हाइकानं आधी तो पाहावा, मंग गाडी पाहावी.

सलीमभाई म्हणते, "मिस्त्री, लडकी दिखाते वक्त कोई उसका एक्सरे टांगता है क्या?"

मी म्हणलं, टांगाले पाह्यजे. पोराचाबी टांगाले पाह्यजे.

आमच्यातले चौथे गावंडे साहेब, सर्व्हेअर. गाडी मेली का जित्ती, हे कंपनीसाठी तेच पाहतात. खिशात पिवळा खडू. गाडीवर "टोटल" लिहिलं का ती संपली. लिहितात असं का शेवटल्या अक्षराची शेपटी बंपरच्या टोकापर्यंत जाते. मारणार ते, उठवणार आमी, अन् चहा रोज चौघांचा एकाच किटलीतला.

मंग ती निळी गाडी आली. अकोल्याच्या रस्त्यावर कापसाच्या ट्रॉलीले मागून भिडलेली. चेसिस सरळ, इंजिन साबूत. पण एअरबॅग फुटलेल्या, अन् त्यायचा खर्च धरला तर हिशेब बसत नव्हता. गावंडेनं बंपरवर शेपटी ओढली. मी सांगाडा घेतला. नव्या एअरबॅग टाकल्या, जीव लावून उभी केली. एक मास्तर बायको-लेकरं घेऊन आला. तारेवरचा बंपर पाह्यला, सगळं ऐकलं, तरी गाडी पसंत केली. तेवढ्यात गावंडे चहाले आले. मास्तरनं त्यायले विचारलं, कशी हाय. तर माया गॅरेजात बसून, मायाच कपातला चहा पीत म्हणतात, "ही गाडी बडनेऱ्याचा पूल ओलांडणार नाही. आमचे मिस्त्री मुडदे उभे करतात. त्यात माणसं बसवू नयेत."

मास्तर लेकराचा हात धरून निघून गेला. ते वाक्य मात्र गेलं नाही. ते अमरावतीभर फिरलं. जिंदगीभर हातोडा मारून कमावलेलं नाव, या माणसानं बिस्किटासारखं चहात बुडवलं.

मी म्हणलं, "साहेब, शब्द मागं घ्या. माफी मागा."

म्हणे, "मिस्त्री, शेरा मारला की मारला."

त्या दिवसापासून चहा तिघांचा झाला. निळी गाडी कडुनिंबाखाली, अन् बंपर तारेवर.

* * *

तरी कोणी ना कोणी येत गेलं. अकोल्याचा एक किराणावाला आला, सोबत त्याची म्हातारी माय. मुडद्याची गोष्ट तिच्याही कानावर गेलेली. म्हणे, "मी आधी बसून पाहीन. भूत असंल तर मले समजते."

पोरानं पसंत केलेल्या लाल गाडीच्या मागच्या सीटवर बसली, दरवाजे लावून घेतले, डोळे मिटले. आमी बाहेर उभे. किराणावाला हात जोडून उभा. सलीमभाईनं डोक्यावर रुमाल टाकला. म्हातारी हालेना का बोलेना. पम्या माया कानात म्हणे, "काका, हिचंच काही झालं तर क्लेम कोणावर टाकाचा?"

शेवटी पोरानं घाबरून काच वाजवली. म्हातारीनं डोळे उघडले, जांभई देल्ली अन् म्हणे, "घेऊन टाक. भूत असतं तर त्यानं इतकं झोपू देल्लं असतं?"

* * *

अकोल्याचाच एक कापडवाला. तारेवरचा तुकडा न पाहताच एक करडी गाडी चालवून आला अन् खूश. म्हणे, "मिस्त्री, मायी पहिली गाडी अशीच होती, याच रंगाची. टोटल लॉस झाली. पण सांगतो, तिच्यात हा दम नव्हता. ते डबडं होतं."

मी त्याले तारेवरचा तुकडा दाखवला. डिक्कीचं झाकण. त्यावर त्याच्याच दुकानाचं स्टिकर.

माणूस झाकणाकडं पाहे, गाडीकडं पाहे. परत झाकणाकडं. मले वाटलं, आता हा शिव्या घालते. तर हळूच म्हणे, "मंग माया चष्मा कुठी हाय? सीटखाली राह्यला होता."

सलीमभाईनं हातातली रंगाची बंदूक खाली ठेवली, अन् आपल्या नाकावरचा चष्मा काढून त्याच्या हातात देल्ला.

गाडी गेली. सलीमभाईचं एक दार मात्र दोन रंगाचं निघालं त्या दिवशी.

* * *

विमा नवा काढाचा म्हणजे कंपनीले फोटो लागतात. चहूबाजूनं. आधीचा कोणता डेंट असंल तर तो पॉलिसीत लिहिला जाते, म्हणजे मंग त्याचे पैसे मागता येत नाहीत. पम्यानं एका पांढऱ्या गाडीचे फोटो काढले, न पाहताच पाठवले. कंपनीतून पोरीचा फोन आला, "सर, फोटोतला प्राणी गाडीसोबत आहे का?"

आमी फोटो पाह्यला. बोनेटवर शेजारच्या हमीदाबीची बकरी उभी. ऐटीत. जशी काही तिच्याच नावावर गाडी.

पम्या घाबरला. म्हणे, "मॅडम, बकरी आपली नाही. पण तिनं डेंट पाडला, तो आपला हाय." खरं बोलाची सवय मायाजवळ राहून लागली त्याले, पण कुठी बोलाचं ते अजून समजत नाही. पॉलिसी आली, तवा शेऱ्यात साफ लिहून होतं का बोनेटवरचा बकरीचा डेंट वगळून. हमीदाबीले वाचून दाखवलं, तर म्हणे, "देखो, मेरी बकरी का नाम कंपनी में हो गया." मोहल्लाभर पेढे वाटले तिनं. डेंट मले ठोकावा लागला.

* * *

अशी एक-एक गाडी जात होती. निळी जात नव्हती. गिऱ्हाईक येई, बंपर पाही, पुलाची गोष्ट आठवे अन् निघून जाई. पम्या म्हणे, "काका, तो बंपर तेवढा काढा, मी आठ दिवसात विकून दाखवतो." सलीमभाई म्हणे, "मिस्त्री, पीला खडू तो पोंछ दो." मी म्हणलं, ज्यानं लिहिलं त्यानंच पुसावं. नाही तर गाडी कडुनिंबाखाली सडू द्या, अन् तिच्या शेजारी मी.

एक दिवस ऑटोतून एक बाई उतरली. पन्नाशी ओलांडलेली, हातात भाजीची पिशवी. बोली अंजनगाव सुर्जीकडची. म्हणे, "भाऊ, गाडी पाह्यजे. क्लास लावून शिकली, लायसन भेटलं. पण आमच्या घरचे आपल्या गाडीले हात लावू देत नाहीत."

मी तिले आधी बंपरपाशी नेलं. ती पाहत राह्यली. पिवळ्या शेपटीवरून बोट फिरवत टोकापर्यंत गेली.

"हे कोणं लिवलं?"

"हाय एक सर्व्हेअर. म्हणते, गाडी पूल ओलांडणार नाही."

पदर तोंडाले लावून हसाले लागली. "भाऊ, हे अक्षर मायाच घरचं हाय. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात तवा हीच शेपटी भिंतीवर उतरते."

सलीमभाईचा हात थांबला. पम्या चहा घेऊन येत होता, तो तिथूनच माघारी फिरला.

मी म्हणलं, "वहिनी, मंग दुसरी पाहा. घरात भांडण नको."

"काहून? मी नवी नवरी होती, तवा यायनं माया वरणालेबी असाच शेरा मारला होता. भर पंगतीत. म्हणे, हे खाण्यालायक नाही. आता वाटी बोटानं पुसून खातात. माफी अजून मागाची हाय." अन् हात पुढं केला. "चावी द्या."

मी शेजारी बसलो. वहिनीनं गिअर असा टाकला का माया कवळीनं जागा सोडली. जीव मुठीत होता, पण गाडीच्या पायी नाही. पुलापाशी जाऊन तिनं गाडी थांबवली अन् वळवून घेतली.

"पूल यायच्यासंगच ओलांडू," म्हणे.

गाडी पसंत झाली. जाताना तारेवरचा बंपरबी मागतला. "खाण्याच्या टेबलासमोर टांगते."

* * *

पुढच्या रविवारी चहाच्या टायमाले हॉर्न वाजला. गेटासमोर निळी गाडी. स्टेअरिंगवर वहिनी. डाव्या सीटवर गावंडे साहेब, बेल्ट गच्च, एका हातानं वरचं हँडल धरलेलं. मी हातोडा घेऊन तसाच गेलो. मागून सलीमभाई, त्याच्या मागून पम्या.

गावंडेनं काच खाली केली. नजर समोर, पुलावर.

वहिनी म्हणे, "सांगा ना."

गावंडे म्हणे, "मिस्त्री, या काचेचं बटण जरा अडकतं."

"अजून?" वहिनी.

"एसी बरा आहे."

"अजून?"

गावंडेनं काच वर केली. झरझर गेली. कुठी अडकली नाही.

वहिनीनं आमच्याकडं पाहून हात हलवला अन् गिअर टाकला. गाडी पूल चढली, पूल उतरली, बडनेऱ्याकडं दिसेनाशी झाली. पम्यानं टाळ्या वाजवल्या. सलीमभाईनं किटली उचलली अन् मले विचारलं, "मिस्त्री, कप कितने?"

चौथा कप धुऊन ठेवला हाय. गावंडे साहेबाचा.