पिशवीखालचा कागद

'प्रूफकाका' हे नाव त्यांना गल्लीनं दिलेलं. उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला आणि निवृत्तीनंतर ती खोड दुकानांच्या पाट्यांवर उतरली. न्हाव्याकडे मान टेकवून बसले तरी म्हणायचे, "दाढी नंतर कर, आधी ती दरपत्रकातली चूक सुधार." न्हावी म्हणे, "काका, वस्तरा माझ्या हातात आहे. जरा बेतानं!"

पुढे त्यांची मूत्रपिंडं थकली. रुग्णालयात तासन् तास यंत्राला जोडून पडायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं, तेव्हा डॉक्टरांनी दुसरा मार्ग काढला. बेंबीशेजारी मऊ नळी बसवली. तिच्यातून औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास राहू द्यायचं आणि मग रिकाम्या पिशवीत उतरवून घ्यायचं. पोटाच्या आतलं पातळ अस्तर रक्तातली घाण त्या पाण्यात सोडतं. काकू हे सगळं पूजेच्या निगुतीनं करीत. खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला पट्टी, कोपरापर्यंत धुतलेले हात.

नर्सनं एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. "काकू, भरलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची. अक्षरं नीट वाचता आली तर पाणी स्वच्छ. धुरकट दिसली की समजा, अस्तराला सूज आली. मग घरी काढे-बिढे नकोत. पिशवी घ्यायची आणि तडक इकडे यायचं."

काकूंनी कागद निवडला तो प्रार्थनेचा. एवढं नाजूक काम, खाली देवाचं नाव असलेलं बरं. काका पिशवीवर वाकत, चष्मा सावरत आणि प्रार्थना खणखणीत म्हणून दाखवत. काकू भिंतीशी हात जोडून उभ्या. लेक हसायची, "बाबा, पाणी तपासताय की प्रवचन देताय?"

त्या दिवशीही काकांचा एक शब्द चुकला नाही. दुपार कलली तसं पोट दुखू लागलं, अंगात कणकण भरली. लेकीनं पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखं कडक. हात उचलला तशी काकांच्या तोंडून किंकाळीच निघाली. तिची नजर कोपऱ्यातल्या पिशवीकडे गेली.

"आई, हे पाणी आहे? ताक आहे नुसतं!"

"काहीतरीच. बाबांनी सगळं वाचलं की सकाळी."

लेकीनं प्रार्थनेचा कागद पिशवीखाली धरला. "ये, बघ. मला तर एक अक्षर लागत नाहीये."

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. "मी वाचलं नाही गं," ते म्हणाले. "नुसतं म्हटलं. पाठ आहे ना." पाठ असलेला मजकूर स्वतः तपासू नये, दुसऱ्याच्या हाती द्यावा, हे छापखान्यात नव्या माणसांना त्यांनीच शिकवलं होतं.

रुग्णालयात पाण्याचा नमुना तपासायला गेला आणि प्रतिजैविक औषध त्याच नळीतून पोटात जाऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, "औषध थेट अस्तरापर्यंत पोचतंय. चार-पाच दिवसांत पाणी निवळलं पाहिजे. नाहीच निवळलं तर नळी काढावी लागेल. ती ठेवली तर जीव जाईल."

डॉक्टरांची पाठ वळताच काकांनी काकूंचं मनगट धरलं. "नळी काढू देऊ नकोस. मला यंत्राला बांधू नकोस. घरी ने."

त्या दिवसांत काकूंच्या मागे काकांचा आवाज लागला. नळाखाली हात धुताना, बाकावर बसल्या बसल्या, मागून खणखणीत प्रार्थना ऐकू येई. वळून पाहावं तर काका ग्लानीत, ओठ मिटलेले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी नर्सनं पिशवी कुठल्याशा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. काका म्हणाले, "तू बघ. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास राहिला नाही." आणि टक लावून काकूंकडे पाहत राहिले.

काकू वाकल्या. पांढुरक्या पाण्यातून एकेक ओळ वर येऊ लागली. ओळखीची, गोड. ओठ आपोआप हलले. देवा, दिसतंय रे! आणि मग त्यांचे ओठ जागच्या जागी थांबले. खालच्या कागदावर प्रार्थना नव्हतीच.

"दिसतंय का, काकू?" नर्सनं विचारलं.

काकांची नजर त्यांना पाठीत टोचत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही म्हणजे काही दिसत नाही."

नळी त्याच दिवशी निघाली. काका तगले. आता लेक त्यांना ठरल्या वारी यंत्रावर घेऊन जाते. जाताना ते काकूंशी बोलत नाहीत, आल्यावर चहा मात्र त्यांच्याच हातचा घेतात.

घरात एकट्या असल्या की काकू प्रार्थनेला बसतात. पाठ म्हणायची त्यांना भीती वाटते. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, डोळ्यांनी खात्री करून मगच उच्चारतात. मध्येच पलीकडच्या रिकाम्या खोलीतून कुणीतरी प्रार्थना म्हणत त्यांच्या दोन शब्द पुढे जातं. काकू थांबतात. आवाज विरेपर्यंत बोट हलवत नाहीत.