मामांचा हात आणि उनपदेवचं पाणी

जगात उष्णता मोजण्याची दोनच भरवशाची साधनं आहेत. एक थर्मामीटर आणि दुसरं माझ्या बायकोच्या मामांचा उजवा हात. दोघांत मतभेद झाला तर मामा थर्मामीटर बदलायला सांगतात. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं बॉयलर सांभाळला आणि निवृत्त झाले ते नावापुरतेच. बजाजनगरच्या घरात दूध, कढी, इस्त्री, सगळं त्यांच्याच देखरेखीखाली तापतं. गल्लीतल्या आया तापलेली पोरं डॉक्टरांच्या आधी मामांकडे आणायच्या, आणि कपाळावर हात ठेवून मामा पॉइंटसकट ताप सांगायचे. क्रांती चौकात एकदा त्यांनी चहाचा पेला नुसता चाचपून परत केला. "साठ बी नाय. ह्याला चहा नाय, सरबत म्हनत्यात." चहावाल्यानं मुकाट्यानं पातेलं पुन्हा चढवलं.

गेल्या वर्षी मात्र रक्तातल्या साखरेनं घात केला. मामांच्या हातांतली जाणीव जवळजवळ गेली. हे मला ठाऊक, कारण डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. परतताना रिक्षात त्यांनी मला शपथ घातली. "मामीला कळता कामा नये, जावईबापू. माझ्या हातावर लई भरवसा हाये तिचा." त्यानंतरही मामा आकडे सांगतच राहिले, फक्त ते आता अंदाजपंचे असत. मी मान डोलवायचो आणि मनातून घाबरायचो.

अशात मामींचे गुडघे धरले आणि कुणीतरी सातपुड्यातल्या उनपदेवच्या गरम झऱ्याचं नाव काढलं. एका रविवारी पहाटेच निघालो. अजिंठ्याचा घाट उतरेपर्यंत मामींनी न्याहारीला बांधलेले धपाटे संपले, पण मामांचे प्रश्न संपेनात. डोंगराच्या पोटात पाणी तापवतंय कोण? जळण कुठलं? वाफ जास्त झाली तर सोडायची कुठून? पोचल्यावर गोमुखातून पडणारं कढत पाणी बघून लोक हात जोडत होते, मामा मात्र धुराडं शोधत मागच्या बाजूला गेले. नारळ विकणाऱ्या बाईला त्यांनी गाठलंच. "बाई, हे रातंदिस चालू ऱ्हातं? मंग खाली शिफ्ट किती?"

"देवाले सुट्टी नसते, बाबा," बाई म्हणाली. मामांना हे फार पटलं. खाडा न करणाऱ्या कामगाराबद्दल त्यांना पहिल्यापासून आदर.

मामी कुंडाच्या पायरीवर बसल्या, लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही हात घालून सांगा, मंगच मी पाय सोडते."

मामांनी मनगटापर्यंत हात बुडवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची अशी नजर मी कधी पाहिली नव्हती. मी जरा बाजूला वाकून पाण्यात हात घातला, मामींच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलो आणि आधी चार बोटं वर केली, मग दोन.

"बेचाळीस!" मामांनी जाहीर केलं. आवाज अगदी बॉयलरच्या दिवसांतला.

मामींनी पाय सोडले आणि मागं न बघताच म्हणाल्या, "जावईबापू, चाळीसच हाये. आन् सावली बघून बोटं दाखवीत जा."

ऊन पाठीमागून होतं. माझ्या अख्ख्या पंजाची सावली त्यांच्यासमोरच्या पायरीवर पडली होती.

मामांनी हात पाण्यातून काढून घेतला. "वरीस झालं," मामी त्यांना म्हणाल्या, "तुमच्या आंघोळीच्या पान्यात आधी मी हात घालून बघते. चहा बी निववूनच देते. मला काय कळत नाय व्हय?"

"मंग बोलली का नाय?"

"तुम्ही आकडा सांगितला की मला बरं वाटतं."

मी नारळाच्या टोपल्यांकडे बघत उभा राहिलो. मामा हळूच पायरीवर टेकले. मामींनी त्यांचा उजवा हात धरला आणि आपल्या हातात तसाच पाण्यात ठेवला. गोमुखातून धार पडत होती. किती गरम, याची जन्मभर फक्त उत्तरंच देणाऱ्या या माणसानं जरा वेळानं पहिल्यांदाच प्रश्न विचारला.

"कसं हाये गं पानी?"

"लई ब्येस हाये," मामी म्हणाल्या.

मामांनी आकडा विचारला नाही.