कमीजास्तवाले

विद्यापीठातल्या आमच्या विभागाची पोरं पिंपरीला कारखाना बघायला निघणार असली, की एक विमा एजंट आदल्या दिवशीच हजर व्हायचे. अपघात हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. "काही कमीजास्त झालं तर," एवढंच म्हणायचे आणि कानाच्या पाळीला हात लावायचे. पाठीमागे आम्ही त्यांना कमीजास्तवालेच म्हणायचो. विमा उतरवून झाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा यायचे आणि बस सुटेपर्यंत फाटकातून हलत नसत. ड्रायव्हरला पान द्यायचे, गप्पा मारायचे. मला तो रिकामटेकडेपणा वाटायचा.

एकदा पान देता देता त्यांनी विचारलं, "रात्री कुठं होता, भाऊ?"

"भोसरीत. टेम्पोवर," ड्रायव्हर जांभई देत म्हणाला.

यांनी बसची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. "जरा पाठ टेका."

ड्रायव्हर मागच्या सीटवर दुपारपर्यंत घोरला आणि हे पायरीवर बसून पोरांना गप्प करत राहिले. कारखान्याने दिलेली वेळ टळली. विभागप्रमुख भडकले. "विमा काढलाय ना आपण? तुमच्यामुळे व्हिजिट बुडाली."

"बुडाली, साहेब," किल्ली परत देत ते म्हणाले. "तेवढंच बुडालं."